खुलासा : चावऱ्या सशाचे दात कापू नका

ससेवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय : ससा चावत असेल तर नाकावर टिचकी मारा, तरीही थांबला नाही तर पुढचे दात कापून घ्या. यातला टिचकीचा सल्ला माझ्याच जुन्या पोस्टमधला आहे. तो चुकीचा होता.

दात कापून काही साधत नाही. सशाचे दात आयुष्यभर वाढतात, पुढचे तर आठवड्याला साधारण २-३ मिमी. कटरने कापताना दात उभा चिरला तर मुळाशी गळू होतं. टिचकीने ससा फक्त हाताला घाबरायला शिकतो.

आमची मादी पाच महिन्यांची झाली आणि वाटी उचलायला हात आत घातला की गुरगुरून, कान मागे पाडून अंगावर यायची. पशुवैद्यांनी आधी दाढा तपासल्या, कारण दुखत असलं तरी ससा चावतो. मग म्हणाले, वयात आलीय, पिंजरा ही स्वतःची हद्द समजून राखते. नसबंदीनंतर दीड-दोन महिन्यांत फरक पडला. पिंजऱ्याची साफसफाई आता ती बाहेर असतानाच मी करते. शिवाय सशाला नाकासमोरचं अगदी जवळचं दिसत नाही; तिथे बोट नेलं की त्याला मेथीची काडीच वाटते! हात वरून, कपाळाकडे न्या.

चावलाच तर जखम साबणाने वाहत्या पाण्यात धुवा, खोल असेल तर डॉक्टरांना दाखवा. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका; पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.