प्रतिक्रियेला उत्तर : दोन फुटांत नंदीध्वज का मावला नसता

नमस्कार,

सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेत मिरवणुकीनं नेतात त्या उंच, सजवलेल्या काठ्या म्हणजे नंदीध्वज. त्यांच्या माझ्या चित्रावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : पाच बाय सात फुटांचा कॅनव्हास हा नुसता हव्यास आहे, हेच चित्र दोन फुटांत जास्त बांधीव झालं असतं, ॲक्रिलिक हाताशी असताना तैलरंगाचा हट्ट कशाला, गर्दीला चेहरेच नाहीत, त्यामुळे ‘हे चित्र कमी आणि बॅनर जास्त’ वाटतं, आणि उजवीकडचा खालचा कोपरा मळकट दिसतो. इतकं मुद्देसूद कुणी लिहीत नाही, म्हणून उत्तरही सविस्तर देते.

आधी आकार. दोन फुटांचं अभ्यासचित्र मी केलं होतं आणि रचना म्हणून ते मला आजही आवडतं. पण त्यात नंदीध्वजाची नुसती साधी काठी होते. अक्षता सोहळ्याला, म्हणजे यात्रेतल्या सिद्धेश्वरांच्या प्रतीकात्मक लग्नाला, संमती कट्ट्यापाशी उभं राहिलेल्या कुणालाही विचारा. सातही नंदीध्वज येतात तेव्हा आपण आधी मान वर करतो. ध्वज पेलणाऱ्याच्या कमरेपासून नजर वर सरकते आणि टोकाशी पोचेपर्यंत खालचा माणूस नजरेतून सुटलेला असतो. मला नेमकं तेच हवं होतं. सात फुटी चित्रासमोर मान हलते, लहान चित्र एका नजरेत संपतं. तुम्ही पाहिलंत ते मोबाइलवर, तिथे दोन्ही सारखीच दिसणार.

एवढा कॅनव्हास मात्र वेगळंच काही मागतो, हे मला काम करता करता कळत गेलं. चौकटी आखून रेखांकन बिनचूक मोठं करता येतं, पण मोठ्या होतात त्या फक्त रेषा. अभ्यासचित्रात चार बोटं रुंद असलेली राखाडी जागा छान शांत वाटत होती. इथे ती वीतभराहून मोठी झाली आणि रिकामी पडली. मग तिच्यात धुळीचे दोन-तीन रंग एकमेकांत मुरवावे लागले. शिवाय अशा जागेचा रंग एकदमच भरपूर कालवून हवाबंद डब्यात ठेवावा लागतो. अर्ध्यात संपला, तर तीच छटा पुन्हा जुळवताना जीव जातो.

तैलरंग घेतले ते बाराबंदीसाठी, म्हणजे यात्रेत घालतात त्या बंदांच्या पांढऱ्या अंगरख्यासाठी. तुम्ही जुने सोलापूरकर, तुम्हाला ठाऊकच आहे की त्या मिरवणुकीत नजर पोचेल तिथवर पांढरं असतं. पण उन्हातला पांढरा पिवळसर असतो, सावलीतला आभाळाची निळाई घेतो, आणि काखेखालच्या चुणीत जमिनीवरून परतलेला उजेड तांबूस दिसतो. या तिन्ही छटा एका बाहीवर, कुठेही कड न दिसता, एकमेकींत उतरायला हव्यात. टिटॅनियम व्हाइटमध्ये पिवळी माती किती, अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएन्नाचा करडा किती, हे ओल्या रंगातच ठरवता येतं. आपल्याकडच्या कोरड्या हवेत ॲक्रिलिक पॅलेटवरच सुकतं, आणि वाळलं की गडद होतं. वाळणं लांबवणारी माध्यमं मिळतात, पण दिवसभर एकाच बाहीवर रेंगाळायचं तर मला जवसाचं तेलच जवळचं.

त्याची शिस्त कडक असते, हे मान्य. हे तेल पाण्यासारखं उडून जात नाही, हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं. म्हणून खालचे थर कमी तेलाचे आणि वरचे जास्त तेलाचे. उलट केलं तर पुढे भेगा पडतात. तुमचा मुलगाही तैलरंगात काम करतो असं तुम्ही लिहिलंय, म्हणून त्याच्यासाठी एक सांगते : जवसाच्या तेलाच्या चिंध्यांचा ढीग कधी ठेवू नये. त्या आपोआप तापून पेट घेतात, आणि आपला उन्हाळा तर विचारूच नका. मी त्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाण्यात बुडवून ठेवते.

आता चेहरे. पुढच्या रांगेतला माणूस दीड फुटाचा, म्हणजे त्याचं डोकं सुमारे अडीच इंचांचं. तेवढ्यात नाक-डोळे सहज बसतात. मी काही चेहरे पूर्ण रंगवलेही, आणि लगेच नजर वर जायची थांबली, त्या चेहऱ्यांवरच अडकली. म्हणून ते पुसून कपाळाचा उजेड आणि हनुवटीखालची सावली एवढंच ठेवलं. अपवाद फक्त ध्वज पेलणाऱ्याचा, कारण त्याच्या मानेच्या शिरांत सगळा भार दिसतो.

‘बॅनर’ हा शब्द तुम्ही टीका म्हणून वापरलात, पण बॅनर रंगवणाऱ्यांविषयी मला फार आदर आहे. आपल्याच जिल्ह्यातल्या पंढरपुरात 1915 साली जन्मलेले चित्रकार एम. एफ. हुसेन सुरुवातीला मुंबईत सिनेमाचे फलक रंगवत होते. रस्त्यापलीकडच्या माणसाला काय दिसेल, हे नाकासमोरच्या पत्र्यावर रंगवताना ओळखणं ही मोठी विद्या आहे. मी दर थोड्या वेळानं खोलीच्या दारापर्यंत मागे जाऊन बघते, ते त्यासाठीच.

कोपऱ्याबद्दल तुमची नजर अचूक आहे. तिथलं तेल खालच्या थरानं शोषून घेतलंय, म्हणून रंग मंद पडलाय. पृष्ठभाग पुरता वाळला की त्यावर तेलाचा अगदी पातळ हात देऊन जास्तीचं पुसून काढीन. अखेरचं वार्निश मात्र सहा महिने ते वर्षभर थांबूनच लावणार. त्याआधी सोलापुरात आलात तर चित्र प्रत्यक्ष बघायला या, मुलालाही आणा. आकाराबद्दल त्यानंतरही तुमचं मत तेच राहिलं, तर तेही इथेच लिहा.