उद्यमबागकरांच्या ‘दोन सिलिंडर लावा’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार उद्यमबागकर,

बंपरमागं ऑइलचे शॉकअप बसवून महामार्गावरचे जीव वाचणार नाहीत, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. तुमचं म्हणणं असं, की रेल्वेच्या डब्याला बफर असतात, लिफ्टच्या खड्ड्यात ऑइल बफर असतो, तोफेचा धक्कासुद्धा तेलच पितं, मग कारलाच काय झालंय, बंपरमागं दोन सिलिंडर लावा. कंपन्या बंपरमागं थर्माकोल कोंबून पैसे वाचवतात आणि माझ्यासारखे लोक खुर्चीत बसून आपल्या बेळगाव भागातल्या कारागिरांचा हिरमोड करतात. शेवटचं झोंबलं. पण बाकीचं उत्तर देण्याजोगं आहे, आणि सिलिंडर तुमचं रोजचं काम, तेव्हा हिशेब बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) आणि बार (दाबाचं माप) यांतच मांडतो.

हजार किलोची कार ताशी ५० किलोमीटरनं भिंतीवर गेली, तर तिच्यात साधारण ९६ किलोज्यूल ऊर्जा असते. ही ऊर्जा तेलाला झेपत नाही असं मी कुठंच म्हटलेलं नाही. लिटरभर तेलात ती सगळी ओतली तरी तेल साठेक अंशांनी तापेल, एवढंच. अडचण स्ट्रोकची, म्हणजे पिस्टनला सरकायला मिळणाऱ्या अंतराची आहे. बंपर आणि रेडिएटर यांच्यामध्ये तुम्हाला जागा मिळणार दहा सेंटिमीटर. तेवढ्यात गाडी थांबवायची, तर दोन सिलिंडरांपैकी प्रत्येकावर ४९ टनांचा भार येतो. ५० एमएम बोअर धरलात तर आत दाब होतो अडीच हजार बारच्या आसपास. ८० एमएम घेतलात तरी साडेनऊशेच्या वर. तुमच्याकडचे व्हॉल्व्ह कितीला चालतात? सव्वातीनशे, साडेतीनशे? आणि हेही दाब पहिल्या मिलिमीटरपासून शेवटपर्यंत एकसारखा राहिला असं धरून. तसं काही होत नाही.

कारण तेल छिद्रातून जाताना दाब वेगाच्या वर्गानं वाढतो. जुन्या बुलेटचा शॉकअप हातात धरून रॉड सावकाश दाबा, गुमान आत जातो. त्याच रॉडवर घण घाला, घणच उलटा उडेल. ताशी ८ किलोमीटरला नीट बसवलेलं छिद्र ५० ला तसंच ठेवलं, तर वेग सहापट आणि दाब छत्तीसपटीहून जास्त. म्हणजे जिथं मऊपणा हवा तिथंच तुमचा सिलिंडर लोखंडी ठोकळा होतो. पिस्टन पुढं सरकेल तशी एकेक छिद्रं बंद होतील अशी रचना करून हे बरंचसं सुधारता येतं, ती तुम्हाला माहीत असेलच. चुंबकानं घट्ट होणारं तेलही आहे, २००२ मध्ये कॅडिलॅकच्या एका मॉडेलच्या सस्पेन्शनमध्ये ते आलं. पण छिद्र कसंही करा, तेल कुठलंही भरा, दहा सेंटिमीटरचे अकरा होत नाहीत. त्या दहा सेंटिमीटरमध्ये आतल्या माणसाला बसणारा झटका गुरुत्वाच्या ९८ पट असतो.

आता तोच हिशेब ताशी ८ किलोमीटरला करा. ५० एमएम बोअरला ६३ बार. झटका अडीच पट. अगदी घरचं काम. आणि नेमकं तिथंच हे चाललंसुद्धा. अमेरिकेत १९७३ च्या मॉडेलांपासून नियम आला, की पुढचा बंपर ताशी ५ मैलांची (म्हणजे ८ किलोमीटरची) धडक खाऊन दिवे वगैरे शाबूत राहिले पाहिजेत. मग तिथल्या गाड्यांना तेल-वायूचे बंपर शॉकअप सर्रास लागले. त्याआधी टॅक्सींना पाणी भरलेले प्लास्टिकचे बंपरही लावून झाले होते. धडक बसली की वरची बुचं उडायची आणि भर रस्त्यात कारंजी! १९८२ मध्ये नियम अडीच मैलांवर आला आणि जड बंपर हळूहळू गेले. त्या सगळ्यातून वाचला तो पार्किंगमधला खर्च.

तुमची तिन्ही उदाहरणं खरी आहेत, फक्त ती माझ्या बाजूनं साक्ष देतात. डब्यांचे बफर शंटिंगच्या, म्हणजे डबे जोडताना-हलवतानाच्या मंद वेगासाठी. लिफ्टचा वेग आधीच ठरलेला. आणि फ्रेंचांच्या १८९७ च्या ७५ एमएम तोफेची नळी मीटरभराहून जास्त मागं सरकायची. कारच्या नाकासमोर मीटरभर दांडा काढून वंटमुरी घाटात जाणार का?

थर्माकोलचं म्हणाल, तर तो फेस किरकोळ धक्क्यासाठी आणि पायी चालणाऱ्याच्या पायासाठी असतो. खरं काम त्याच्या मागच्या पत्र्याच्या चौकोनी नळ्या आणि चासीचे दोन बाहू करतात. ते घड्या पडत अर्धा मीटर आत जातात, तेव्हा ९८ पटीचा झटका विसावर येतो. तिथून पुढं बेल्ट आणि एअरबॅग सांभाळतात. (एअरबॅगसुद्धा तुमच्याच जातीची, बरं का! तेलाऐवजी वायू, आणि मागच्या भोकांतून तो निसटतो म्हणून डोकं आपटत नाही.) आपल्याकडं नव्या मॉडेलांना २०१७ पासून ताशी ५६ किलोमीटरची समोरची चाचणी आहे, भारत एनकॅपची (गाड्यांना सुरक्षेचे तारे देणारी योजना) २०२३ पासून ६४ ची. ‘नाक चेपलं, गाडी पत्र्याची’ हे आपल्याकडच्या गॅरेजात ऐकू येणारं वाक्य म्हणूनच मला पटत नाही. सिलिंडर पुढच्या पाइपच्या गार्डला जोडायचे, ही तुमची सूचना तर सोडूनच द्या. ते गार्ड धक्का भलत्याच ठिकाणी पोचवतात, डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रानं त्यांच्यावर बंदीही घातली आहे.

आणि आपल्या भागात बंपरला काम मिळतं तरी कधी? गळीत हंगाम सुरू झाला की संकेश्वर-निपाणीकडं ऊस भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या रात्री रस्त्यावर असतात. मागं दिवा नाही, रिफ्लेक्टरवर चिखल, वाढं बाहेर लोंबतंय. मागून कार आली की बंपर ट्रॉलीच्या खालून निघून जातो आणि पहिली धडक काचेला बसते. तिथं तुमचा सिलिंडर सोन्याचा असला तरी त्याला कुणी शिवत नाही. ट्रॉलीच्या मागं बंपरच्या उंचीवर आडवा मजबूत दांडा हवा, तोही चासीला धरून, पट्टीला वेल्डिंगचे दोन टिपके मारून नव्हे. ट्रकना अशा मागच्या गार्डचा नियम आहेच. हे काम बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत उद्या सकाळी सुरू होईल, आणि त्याला ऑइल सीलसुद्धा लागत नाही.

तेलपाण्यावरच हात बसलाय म्हणाल, तर गाडी सोडा आणि रस्ता धरा. उड्डाणपुलाच्या फाट्यावरचं काँक्रीटचं टोक, टोलनाक्याच्या बूथसमोरचा कठडा. तिथं पुढं दोन-तीन मीटर जागा मिळते, वजन वाहून न्यायचं नसतं. पाणी भरलेल्या कप्प्यांचे असे अडसर परदेशात फार आधीपासून वापरात आहेत. तीन मीटरमध्ये तुमचं गणित आरामात बसतं.

ड्रॉइंग तयार आहे असं लिहिलंय तुम्ही. बोअर दिलाय, सील दिलंय, रॉडचं क्रोमिंगही दिलंय, स्ट्रोक मात्र दिलेला नाही. तो किती धरलाय, तेवढं कळवा.