चेसिसखाली उताणं

पिकअपचं बॉनेट पुसणाऱ्या माणसाकडे लोक कौतुकानं बघतात. त्याच पिकअपखालून त्याचे नुसते पाय बाहेर दिसले, की विचारतात, "काय बिघडलं?" काही बिघडू नये म्हणून मी आत शिरलोय, हे उत्तर आजवर कुणालाही पटलेलं नाही.

बॉनेटवर ओरखडा उठला की मालकाच्या घशाखाली घास उतरत नाही. चेसिसला, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याला, गंजून भोक पडलं तरी याला पत्ता नसतो. वास्तविक इंजिन, केबिन, हौदा आणि हौद्यातला माल, सगळा भार त्या सांगाड्याच्या दोन लांब पोलादी तुळयांवर. त्याही बऱ्याच गाड्यांत आतून पोकळ. बडा घर पोकळ वासा म्हणतात तो हाच. आत शिरलेलं पाणी निघून जावं म्हणून तळाला भोकं ठेवलेली असतात. त्यात चिखल बसतो, मग पाणी आतच मुक्काम ठोकतं आणि तुळई आतून सडू लागते. बाहेरून रंग शाबूत!

म्हणून पहिलं काम भोकं मोकळी करण्याचं. जॅकच्या भरवशावर गाडीखाली जायचं नाही, घोडे, म्हणजे गाडी पेलणारे लोखंडी स्टँड, लावायचे, हे सांगून पुढे जातो. तर उताणं पडायचं आणि वाकवलेली तार भोकात घालून ढोसायचं. बराच वेळ काहीच होत नाही. मग चिखलाचा एक गोळा सुटतो आणि त्यामागून तांबूस, थंड पाणी. ते जमिनीवर पडत नाही. वर केलेल्या मनगटावरून बाहीत शिरतं आणि सावकाश बगलेपर्यंत येतं. त्या क्षणी हात खाली घेता येत नाही, कारण तार अडकलेली असते.

मग हातोडीनं ठोकून बघायचं. ठणठण आवाज आला की जीव भांड्यात. 'भद्द' आला की तिथे स्क्रूड्रायव्हर टोचून बघावा लागतो, आणि माझा हात उगाच हळुवार होतो. स्क्रूड्रायव्हर आरपार गेला तर रंगकाम विसरायचं, वेल्डिंगवाला गाठायचा.

गंजाला लागतं काय? लोखंड, पाणी आणि हवा. मीठ मिळालं, मग ते समुद्रावरच्या वाऱ्यातलं असो की बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेलं, की त्याला चेव येतो. ॲल्युमिनियमवरही ऑक्साइडचा थर येतो, पण तो घट्ट बसून आतल्या धातूला सांभाळतो. लोखंडाचा गंज फुगतो, त्याचे पोपडे सुटतात आणि खालचं ताजं लोखंड पुन्हा उघडं पडतं. हे पोपडे तारेच्या ब्रशनं खरवडले की थेट तोंडावर येतात. चष्मा लावावा तर त्यावर वाफ धरते, न लावावा तर डोळा जातो. मी वाफ पत्करतो.

त्यावर प्रायमर म्हणून रेड ऑक्साइड. त्याचा लाल रंग येतो आयर्न ऑक्साइडमुळे, म्हणजे खुद्द गंजाच्या कुळातल्या पदार्थामुळे. काट्यानं काटा काढतात, हे ठीक. पण इतकं खरवडून झाल्यावर त्याच रंगाचं काहीतरी विकत आणून फासताना मन खातं.

या कामात सल्लागार फार. एक म्हणतो, जळकं ऑइल फासा, फुकटात काम. ते जमिनीवर ठिबकतं आणि सांध्यांमधले रबरी बुश फुगवतं. दुसरा म्हणतो, जाड रबरी कोटिंग मारा, खालचं काही दिसणारच नाही. तीच तर अडचण आहे: गंजावर मारलं तर ओल आत कोंडते आणि गंज पडद्याआड निवांत काम करतो. तिसरा लॅनोलिनवाला. लॅनोलिन म्हणजे मेंढीच्या लोकरीतला मेणचट पदार्थ. त्याचा वास मेंढीला शोभेल असाच, पण तो ओल लांब ठेवतो. मेंढी आयुष्यभर पावसात भिजते आणि तरी गंजत नाही, हा त्या गृहस्थाचा मुद्दा मला अजून खोडता आलेला नाही.

पोकळ तुळईसाठी मी मेण वापरतो. लांब नळी भोकातून आत सारायची. तिच्या टोकाचं नोझल चहूबाजूंना फवारतं. आत नीट पसरलं की ते पुढच्या भोकातून बाहेर येतं. त्या भोकाखाली माझा कान असतो. ब्रेक आणि सायलेन्सर आधीच झाकलेले असतात. कान झाकायचं कुठल्याच डब्यावर लिहिलेलं नसतं.

हे मेण कडक वाळत नाही. चिकट राहतं, म्हणूनच ओरखड्यावर पुन्हा पसरतं आणि म्हणूनच त्यावर रस्त्यावरची सगळी धूळ बसते. परवा शेजारचे काका वाकून खाली बघत होते. बराच वेळ बघून म्हणाले, "गाडी वरून छान ठेवलीय हो. खालून कधीच हात लावत नाही वाटतं?"