बेटी उद्या निघेल

आंब्याचा चीक बोटांना लागला की फोनचा पडदा दाद देत नाही. म्हणून पेट्या भरता भरता कोपराने माइक दाबला आणि दादरच्या गिऱ्हाइकासाठी बोललो, “पाच डझनाची पेटी उद्या निघेल. गाडीभाडं वेगळं.”

फोनने लिहिलं, ‘पाच डझनाची बेटी उद्या निघेल. गाडीभाडं वेगळं.’

पुन्हा बोललो. पुन्हा बेटी. मग बातम्या वाचणाऱ्यासारखा ‘प’ फोडून बोललो. बेटीच.

शेजारचे नाना पडवीत सुपारी कातरत होते. “तुका बोलूकच येणा नाय. हाड हय.” फोन तोंडाशी धरून ते ट्रंककॉलच्या काळातल्या आवाजात ओरडले, “आयकतंस मा? लिव. पेटी. पेटी रे मेल्या, पेटी!”

पडद्यावर आलं, ‘बेटी बेटी रे मेल्या बेटी.’ शिवी तेवढी काना-मात्रेसकट बरोबर!

नानांनी फोन उलटा करून पाहिला. “भुतूर कोण बसलोहा?”

कोणी नाही, म्हटलं. ढीगभर बोलणी ऐकवून यंत्राला शिकवतात. 2022 साली ‘व्हिस्पर’ नावाची अशीच एक प्रणाली आली, तिला 6 लाख 80 हजार तास ऐकवले होते. निम्म्याहून जास्त इंग्रजी.

“आणि मालवणी किती?”

मी गप्प. नानाही गप्प. तेवढ्यात फोनने आपल्या मनाने लिहिलं, ‘धन्यवाद.’ शांतता सहन न होऊन भलतंच लिहायची या मंडळींना खोडच आहे.

“आभार कसले मानतंस, मेल्या?” नाना म्हणाले.

विषय बदलावा म्हणून सांगितलं, की 1952 साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जच्या ‘ऑड्री’ यंत्राला फक्त शून्य ते नऊ आकडे कळायचे. 1962 मध्ये आयबीएमच्या ‘शूबॉक्स’ला सोळा शब्द यायला लागले, त्यात बेरीज-वजाबाकी आली.

“बेरीज येता? मगे ताच घी. ह्येच्यापेक्षा बरा.”

मला हसू आलं नाही. आपल्याच पडवीत, आपल्याच आंब्यांसमोर मी स्टुडिओतली मराठी बोलायची, तीही यंत्राने नापास करायची. शिकायचं कुणी, त्याने की मी? आजी असती तर तिला हा फोन गप्पच बसवणार होता.

तोवर नानांचा अंगठा बाणावर पडला आणि निरोप गेला. लगेच उत्तर आलं, ‘अभिनंदन! कुठे दिलीत?’

मग फोन करून सगळं समजावलं. गिऱ्हाईक पोट धरून हसलं आणि त्या हसण्याच्या भरात पेटीमागे शंभर रुपये कमी करून घेतले.