‘१००% उगवण’वाला तो फॉरवर्ड

मावशीने काल मिरचीच्या ट्रेचा फोटो पाठवला. सगळी रोपं बुडाशी दोऱ्यासारखी बारीक होऊन आडवी पडलेली, आणि खाली प्रश्न, "बी बोगस निघालं का रे?" बी बोगस नव्हतं गं मावशी. तो मेसेज बोगस होता, "मिरची-टोमॅटोचं बी १००% उगवणारच, नर्सरीवाले हे कधी सांगणार नाहीत" वाला. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरही तो येऊन गेलाय, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

आधी ते १००%. सरकारचे बियाणे प्रमाणीकरणाचे किमान निकष आहेत, त्यात मिरचीची उगवणशक्ती किमान ६०% आणि टोमॅटोची ७०% मागितलीय. म्हणजे दहातल्या चार मिरच्या नाही आल्या तरी ते पाकीट नियमात बसतं. पाकीट उलटं करून वाचा, आकडा छापलेला असतो.

आता ज्याने माझं डोकं फिरलं तो मुद्दा. "पाकिटातल्या बियांना गुलाबी विष लावतात, कोमट पाण्यात हाताने चोळून चोळून धुवा, उरलेलं बी चिमण्यांना घाला." अरे, तुम्हीच विष म्हणता आणि तुम्हीच चिमण्यांना घालता? तो रंग बहुतेक वेळा थायरमसारख्या बुरशीनाशकाचा असतो, आणि रंग मुद्दाम देतात तो यासाठीच की कोणी चुकून खाण्यात वापरू नये. पाकिटावर तसं लिहिलेलंही असतं, खाण्यासाठी, जनावरांसाठी, तेलासाठी वापरू नका म्हणून. हो, ते विषारी आहे हे अर्धं खरंय, मान्य. म्हणून हातमोजे घाला, पोरांना हात लावू देऊ नका, पेरल्यावर साबणाने हात धुवा. पण बी धुवू नका, कारण जमिनीतली पिथियम, रायझोक्टोनिया असली बुरशी कोवळ्या कोंबाला खाते तिच्यापासून सुरुवातीला तेच वाचवतं. नकोच असेल तर साधं बी घ्या आणि ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) लावा, कृषी सेवा केंद्रात मिळतो.

आणि ते संरक्षण धुवून टाकल्यावर पुढची ओळ काय, तर "दिवसातून तीनदा पाणी". मग रोपं मरणार नाहीत तर काय होणार! मातीच्या रेषेपाशी देठ पाणचट होतो, मग बारीक होतो, वरची पानं हिरवीच असताना रोप कोलमडतं आणि एकदा कोलमडलं की परत उभं राहत नाही. तेवढी रोपं आजूबाजूच्या कोकोपीटसकट (ट्रेत मातीऐवजी भरतात तो नारळाच्या काथ्याचा भुसा) काढून टाका, बाकीच्या ट्रेचा वरचा थर जरा सुकू द्या, वारा लागू द्या. पाणी वरून ओतण्यापेक्षा ट्रे परातीत थोड्या पाण्यात ठेवा, खालून ओढून घेईल, मग उरलेलं पाणी फेका. कोकोपीट मुठीत दाबल्यावर पाणी टपकलं तर ते जास्त झालं.

त्या मेसेजमधलं बाकीचं पटकन. दुधात भिजवणं म्हणजे बुरशीला जेवायला बोलावणं. कोंब दिसताच चिमूटभर युरिया, अजिबात नको, मुळं करपतात. पहिल्या दोन बीजपानांनंतरची खरी पानं येईपर्यंत बियातला साठा आणि ती बीजपानंच रोपाला पोसतात. आणि तरंगणारं बी फेकायचं, हे भातासाठी खरंय, मिठाच्या पाण्यात टाकून पोचट दाणे वेगळे काढतातच. पण टोमॅटोच्या बियांवर बारीक लव असते, कोरडं चांगलं बीही तरंगतं. मावशीने अर्धं पाकीट याच नादात कचऱ्यात टाकलं.

उगवत नाही म्हणून पाचव्या दिवशी उकरून बघणाऱ्यांनो, मिरचीला आठ-दहा दिवस आरामात लागतात, थंडीत त्याहून जास्त. तिला २५ ते ३० अंश हवेत, म्हणून डिसेंबर-जानेवारीत ट्रे फ्रिजच्या डोक्यावर ठेवा. पण पहिला कोंब दिसला की त्याच दिवशी उजेडात आणा, नाहीतर रोप लांबडं आणि फिकट होतं, आणि मग ग्रुपवर कोणीतरी त्यालाही युरियाच सांगतं.