शून्य मिळाला, पास झालो

मे महिन्यातली दुपार. सोलापुरात या वेळी शहाणा माणूस पंख्याखाली आडवा झालेला असतो. मी मात्र लॅपटॉपपुढे बसून ऑक्टेव्ह नावाच्या आकडेमोडीच्या सॉफ्टवेअरच्या विनवण्या करत होतो, की बाबा, ती पायथॉन भाषेतली स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, एकदा चालव. शहराच्या तापमानाची आकडेमोड ऑक्टेव्हात, आलेख पायथॉनात. दोघांची सोयरीक जुळवायला 'सिस्टम' ही ऑक्टेव्हातून बाहेरचा प्रोग्राम चालवणारी कमांड. एवढाच बेत.

टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, हीच स्क्रिप्ट सुतासारखी सरळ. ऑक्टेव्हातून हाक मारली की उत्तर १२७. म्हणजे, या नावाचं इथं कुणी राहत नाही. दोन ग्लास ताक संपल्यावर उलगडा झाला: घोळ 'पाथ'चा. कमांड कुठल्या कुठल्या फोल्डरांत शोधायची, त्याची यादी. ती मी टर्मिनलच्या सेटिंगमध्ये लिहिलेली, आणि ऑक्टेव्ह उघडलेलं आयकॉनवर क्लिक करून. त्याला ती यादी दिसणार कशी? ज्या गावात चौकालाच सात रस्ता म्हणतात, तिथल्या माणसाला एक रस्ता सापडू नये!

पायथॉनचा पूर्ण पत्ता दिला. आता उत्तर २: फाइल उघडत नाही. कारण माझं फोल्डर, 'थिसिस फायनल नवीन'. पहिली मोकळी जागा आली की शेल (कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम) तिथंच नाव तोडतं, त्यामुळं पायथॉन बिचारा नुसती 'थिसिस' शोधत होता. (गाइडही गेली दोन वर्षं तेच शोधतायत.)

अवतरणचिन्हं घातली आणि शून्य आला. शाळेत शून्यावर वडिलांची सही आणावी लागायची, इथं शून्य म्हणजे पास! पण आलेख कुठाय? स्क्रिप्टच्या फोल्डरात नाही. ऑक्टेव्ह ज्या फोल्डरात उभं होतं तिथं, म्हणजे डाउनलोड्समध्ये, वीजबिल आणि लग्नपत्रिकेच्या मधोमध.

शोधाशोध नको म्हणून आलेख थेट पडद्यावर दाखवायची ओळ स्क्रिप्टमध्ये घातली. ऑक्टेव्ह गोठलं. चहा झाला, शेंगाचटणी-भाकरी झाली, तरी हूं की चूं नाही.

तेवढ्यात मामा आले. उभी हयात चादरीच्या मागावर गेलेली.

"काय करायलास रे?"

सांगितलं. मामांना नवल वाटलं नाही. "जकार्डलाबी असंच की. नक्षी पुठ्ठ्यावर, माग नुसती भोकं वाचतंय. पुठ्ठा उलटा बांधलास की मोर डोक्यावर उभा."

फ्रान्सच्या जकारचा हा माग १८०४ सालचा. म्हणजे बाहेरची स्क्रिप्ट मशीनला लावण्यात मामांचं घराणं माझ्यापेक्षा फार पुढं.

मामांनी चष्मा सरकवला. "ती मागं कोपऱ्यात डोकावायलीय, ती कशाची खिडकी?"

आलेख! ऑक्टेव्हच्या पाठीमागं उघडलेला. मी तो बंद करीपर्यंत स्क्रिप्ट संपणार नव्हती, स्क्रिप्ट संपेपर्यंत ऑक्टेव्ह हलणार नव्हतं, आणि मी ऑक्टेव्हकडं बघत बसलेलो.

"तिघं एकमेकांची वाट बघत बसलाव की रे," मामा म्हणाले, आणि उरलेली भाकरी ताटात ओढून घेतली.