टाळूवरचं लोणी, आणि ‘काका’

‘स्पष्टवक्ता’ यांस,

मायकल जॅक्सनच्या शेवटच्या तालमींवरच्या ‘दिस इज इट’ या सिनेमावर मी लिहिलेल्या लेखाखालची आपली प्रतिक्रिया आधी जशीच्या तशी देतो. नाहीतर सोयीचं तेवढंच उचललं म्हणाल.

“काका, भक्ती पुरे. हा सिनेमा म्हणजे मढ्याच्या टाळूवरचं लोणी आहे आणि तुम्ही ते बोटं चाटून खाल्लंत. एकाच गाण्यात त्याचे कपडे बदलत राहतात. बरे दिवस निवडून शिवलेला माणूस आहे तो. २०१३च्या खटल्यात बाहेर आलेल्या मेल वाचा. अर्धी गाणी तर तो धड गातही नाही. आणि लंडनचे कार्यक्रम ८ जुलैला नाही, १३ला सुरू होणार होते.”

तारखेचं आधी संपवू. आपलं बरोबर आहे. आधी ८ जुलै जाहीर झाली होती, मे महिन्यात ती १३ वर गेली. लेखात दुरुस्ती केली आहे. आभार. चूक दाखवली तर मी मान्य करतो, एवढं वाचकांनी लक्षात ठेवावं.

आता लोणी.

मला या वाक्याचा राग आला, हे लपवत नाही. ही म्हण मेलेल्याच्या जिवावर स्वतःचं साधून घेणाऱ्यांसाठी आहे. सोनीने तालमींच्या चित्रीकरणाच्या हक्कांसाठी ६ कोटी डॉलर मोजले आणि माणूस जाऊन जेमतेम चार महिने होतात तोच, २८ ऑक्टोबर २००९ला, सिनेमा लावला. त्यांना म्हणा ना! मी काय खाल्लं? तीन तिकिटं काढली, तीही स्वतःच्या पगारातून. एक माझं, एक बायकोचं (ती मध्यंतरानंतर झोपली), आणि एक त्या मित्राचं ज्याच्याबरोबर मी १ नोव्हेंबर १९९६ला जॅक्सनच्या कार्यक्रमाला अंधेरीच्या क्रीडा संकुलात उभा होतो.

हो, मी तिथे होतो. आपण होतात का? वय काढायची सुरुवात आपण केलीत म्हणून विचारतो. मी एकोणीस वर्षांचा होतो. दहावीला मिळालेलं घड्याळ विकलं, नाशिकहून रात्रीची एसटी धरली. शिवसेनेच्या शिवउद्योग सेनेचा कार्यक्रम, करमणूक कर माफ केल्यावरून पेपरात गदारोळ, विमानतळावर नऊवारीतली सोनाली बेंद्रे, मग मातोश्रीची भेट. या सगळ्यावर घरी वडिलांनी जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. आणि मग तो रंगमंचावरच्या यानातून बाहेर आला, सोनेरी कपड्यांत, आणि नुसता उभा राहिला. काहीही न करता. एवढं मैदान ओरडत होतं आणि तो हलत नव्हता. २६ जून २००९ला सकाळी बातमी कळली तेव्हा मी ऑफिसात सुतक आहे म्हणून सांगून घरी आलो. साहेबांनी विचारलं, कोण गेलं? मी म्हटलं, लांबचे होते. तेव्हा लोणी कोण खातं आणि कोणाच्या घशाखाली घास उतरत नाही, हे मला टोपणनावाने कोणी शिकवू नये.

“धड गातही नाही” म्हणता. अहो, त्या अंधेरीच्या कार्यक्रमात त्याने बरीचशी गाणी ध्वनिमुद्रणावर नुसते ओठ हलवून केली. हे आज सगळ्यांना ठाऊक आहे आणि मलाही ते पचवायला काही वर्षं लागली. म्हणूनच तर या सिनेमाची किंमत! मी राज्य नाट्य स्पर्धेला सहा वर्षं प्रकाशयोजना सांभाळली आहे. मुरलेला नट तालमीत आवाज राखून बोलतो, जागा तपासतो, दिव्याखाली बरोबर येतो की नाही ते पाहतो. जो तालमीतच गळा फाडतो त्याचा आवाज प्रयोगाला बसलेला असतो. सहगायिका ज्युडिथ हिलबरोबरच्या त्या द्वंद्वगीतात जॅक्सनला राहवत नाही, तो शेवटी भरात येऊन गातो, समोरची नर्तक मंडळी आरडाओरडा करतात, आणि पुढच्याच क्षणी तो तक्रार करतो की मला असं गायला लावू नका, आवाज वाचवायचाय. पन्नाशीचा माणूस, पन्नास कार्यक्रम डोक्यावर. त्याने काय करायला हवं होतं?

आणि एका गाण्याचा ताल तो संगीत दिग्दर्शक मायकल बिअर्डनला समजावतो, की हे अंथरुणातून स्वतःला ओढत बाहेर काढल्यासारखं वाजलं पाहिजे. किंवा दिग्दर्शक केनी ऑर्टेगा विचारतो, पाठमोरा असताना मागच्या पडद्यावरचा बदल तुला दिसणार कसा? तो म्हणतो, मला जाणवेल. दिव्यांच्या फळीवर बसून कलाकारांच्या पाठीकडे बघत मी जी वर्षं काढली, त्यांत असं म्हणणारा एकच नट भेटला होता, आणि त्याचं खरंच कधी चुकलं नाही. आपल्याला त्या दृश्यात काय दिसलं? कपडे.

बरं, कपडे. बदलतात. वेगवेगळ्या दिवसांच्या तालमींचे तुकडे जोडलेत. शंभर तासांहून जास्त चित्रीकरणातून दोन तास काढायचे तर दुसरं काय करणार? त्याला संकलन म्हणतात. त्यांनी लपवायचंच ठरवलं असतं तर कपडे जुळवून घेतले असते.

मेलचं म्हणाल तर ऑर्टेगाची २० जूनची मेल मी वाचली आहे. आदल्या दिवशी जॅक्सनला थंडी भरली होती आणि तालमीतून घरी पाठवलं होतं, तेही वाचलंय. वाईट आहे. पण तो कोर्टाचा विषय. त्याच्या डॉक्टरला २०११मध्ये शिक्षा झाली, लंडनच्या कार्यक्रमांच्या आयोजकांना २०१३मध्ये ज्युरीने त्याच्या मृत्यूसाठी जबाबदार धरलं नाही. मी सिनेमाबद्दल लिहीत होतो, पंचनामा करत नव्हतो. सिनेमात ते का नाही हे मला विचारून काय उपयोग?

‘भक्ती’ या शब्दाबद्दल माझी तक्रार नाही. ‘पुरे’बद्दल आहे. किती पुरे हे आपण कोण ठरवणार?

काल रात्री आपल्यामुळे तो सिनेमा पुन्हा लावला. कपडे मोजायला. दुसऱ्या गाण्याला मोजायचं विसरलो, मग तसाच शेवटपर्यंत बघितला. बायको याही वेळी झोपली.

यापुढे प्रतिक्रिया स्वतःच्या नावाने लिहिलीत तरच उत्तर देईन. आणि ‘काका’ म्हणू नका. सत्तेचाळीस–अठ्ठेचाळीस हे काही काका म्हणायचं वय नव्हे.